अंगठ्याखालचा आवाज

भंगाराच्या यार्डात पाळी संपल्याचा भोंगा होता, पण माणसं हातातलं काम टाकायची ती मुकादम ओरडल्यावर. वर क्रेन गरगरत असे, तिच्या टोकाला लटकणारं थाळीसारखं भलं मोठं चुंबक गाड्यांचे सांगाडे उचलून प्रेसच्या तोंडात सोडत असे, प्रेस मिटली की पत्रा असा किंचाळे की दातांत कळ जावी, आणि या सगळ्यावरून मुकादमाची शिवी यार्डाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचे. शिवीच्या मागोमाग हात येई. कुणी हातमोजे न घालता तार सोलताना दिसला की आधी कानाखाली, मग मोजे. "मी मारलं नसतं तर मशीननं मारलं असतं," असं तो म्हणे, आणि यार्डात ते खरंही होतं.

घरी मात्र मशीन नव्हतं. घरी बायको होती आणि एक मुलगी.

बायको पोटाच्या आजारानं लवकर गेली. मुलीचे डोळे घारे, म्हणून तिला लहानपणापासून सगळे मनी म्हणत. अक्षरओळख व्हायच्या आधी मनीला बाबांच्या आवाजाची ओळख झाली होती. जिन्यावरूनच कळे. आवाज भरलेला असेल तर दार उघडायला पळायचं, चिरका असेल तर पलंगाखाली जायचं आणि आईच्या पायांकडे बघत राहायचं.

मोठी झाल्यावर मनी बेकरीत कामाला लागली आणि यार्डातल्याच क्रेनवाल्याशी तिनं लग्न केलं. दिवसभर चुंबक फिरवतो म्हणून यार्डात त्याला चुंबक म्हणत. गोरा, हसरा, सासऱ्याला 'मामा, मामा' करणारा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मनीच्या दंडावर वळ दिसला. मुकादमानं एक अक्षर न विचारता चुंबकाला क्रेनच्या केबिनमधून कॉलर धरून खाली ओढलं आणि सगळ्या यार्डादेखत इतकं मारलं की त्याचा पुढचा दात तुटला.

"माझ्या लेकीला परत हात लावलास तर प्रेसमध्ये घालीन," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. यात काही विसंगत आहे असं मुकादमाला वाटलं नाही. चुंबक रक्त थुंकून पुन्हा वर चढला आणि त्यानंतर काही वर्षं खरंच नीट वागला.

मग मुकादमाचा आवाज बसला. धुळीनं बसला असेल म्हणून त्यानं तो तसाच फाडून फाडून वापरला. थुंकीत रक्त आलं तेव्हा मनीनं त्याला जवळजवळ ढकलतच मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. थोडंथोडकं नाही, पूर्ण."

स्ट्रेचरवरून नेताना वॉर्डबॉयनं कोपऱ्यावर धक्का दिला. मुकादम घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डोळे काय खिशात ठेवलेत का रे?" स्वतःच्या घशातून निघालेलं हे त्याचं शेवटचं वाक्य.

शुद्धीवर आला तेव्हा मानेच्या खालच्या बाजूला, कॉलरच्या बटणाच्या जागी, एक भोक होतं आणि त्यातून श्वास ये-जा करत होता. घरी सोडताना डॉक्टरांनी मनी आणि चुंबक दोघांना समोर उभं करून समजावलं. नाकातोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंध आता संपला. श्वास फक्त इथून. इथे पाणी जाता कामा नये, कपडा बसता कामा नये. हे झाकलं गेलं तर तोंड कितीही उघडलं तरी उपयोग नाही.

चुंबक सगळं लक्ष देऊन ऐकत होता.

बापाची देखभाल करायला मनी माहेरी राहायला आली आणि तिच्यामागून नवराही आला. "का करतेस एवढं?" बेकरीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दुसरं कोण आहे त्यांना?" एवढंच. रोज सकाळी ती त्याला खिडकीपाशी बसवे, भोक मिटू नये म्हणून त्यात बसवलेली नळी काढून ब्रशनं धुई, चिकटलेला कफ चिमट्यानं उचले. तिच्या हातांना ती जागा इतकी सवयीची झाली की बघावंही लागत नसे. मुकादम वर छताकडे बघत बसे. दोघांमध्ये बोलण्यासारखं पूर्वीही फार नव्हतं. आता तर सबबच मिळाली होती. लिहिण्याशीही त्याचं कधी जमलं नव्हतं. सही सोडली तर पेन त्याला स्क्रूड्रायव्हरसारखा धरायचा एवढंच माहीत.

चुंबक पहिल्या आठवड्यात पाय न वाजवता चालला. दुसऱ्या आठवड्यात मुकादमाच्या खुर्चीवर बसला. मग एक दिवस त्याला वाढलेलं जेवण गार निघालं आणि त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं. मनी खाली वाकून तुकडे गोळा करू लागली तसा त्यानं तिचा बुचडा धरून तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि मग थांबून बघून, पुन्हा एकदा.

पलंगावर बसलेल्या मुकादमानं तोंड उघडलं. सवयीनं छाती भरली, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फुस्सकन बाहेर पडली. सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी. त्यानं टेबलावर मूठ आपटली. पेला खाली पडला. चुंबक वळला.

"काय मामा? काही म्हणालात?"

तो हसत जवळ आला, पलंगावर गुडघा टेकला, एका हातानं सासऱ्याची मान मागून धरली आणि दुसरा तळवा त्या भोकावर ठेवला. अगदी हळू, एखाद्याचा ताप बघावा तसा. मग दाबला.

मुकादम दांडगा माणूस होता, पण ऑपरेशननंतर अंगात काही उरलं नव्हतं. त्यानं चुंबकाचं मनगट ओरबाडलं, पाय झाडले, चादर पायांत गुंडाळली गेली. तोंड सताड उघडं होतं आणि त्यात खोलीभरची हवा नुसती उभी होती. आत काही जात नव्हतं. डोळ्यांपुढे आधी लाल, मग काळं. चुंबक कानाशी बोलत होता. "दात आठवतो ना, मामा? माझा दात? ओरडा की. आख्खं यार्ड गोळा करा."

त्यानं हात काढला तेव्हा मुकादम उशीवर कोसळून कफ आणि रक्त उडवत होता. रक्त धुवायला गेलेली मनी ओठावर पदर दाबून मोरीतून आली.

"मामांना ठसका लागला," चुंबक म्हणाला. "पाणी दे. नाही, पाणी नको. पुसून काढ."

मुकादम आयुष्यात पहिल्यांदा घाबरला होता. आपल्याला जे वाटतंय त्याचं नाव भीती आहे, हे कळायलाही त्याला दोन-तीन दिवस लागले. रात्री झोपेत त्याचा हात आपोआप गळ्यावर जाई. चुंबक खोलीत आला की तो भिंतीकडे पाठ करून बसे. आणि बसल्या बसल्या त्याला हे दिसे की मनीही तशीच बसते. पाठ भिंतीला, नजर दाराकडे. नवऱ्यामुळे ही सवय लागलेली नव्हती. ती लहानपणापासूनच अशी बसत असे.

पुन्हा बोलता येईल असं डॉक्टरांनी आधीच सुचवलं होतं, पण तेव्हा त्यानं मान हलवून नकार दिला होता. या वेळी तो स्वतः गेला आणि गळ्याकडे बोट दाखवून उभा राहिला. त्यांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्यात शर्टाच्या बटणाएवढी एक रबरी झडप बसवली आणि त्याला खालच्या मजल्यावरच्या स्पीचच्या बाईंकडे पाठवलं. बाई बारीक चणीच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलणं सडेतोड.

"काका, सोपं आहे," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायचा भोकातून. मग भोक झाकायचं आणि श्वास सोडायचा. हवेला बाहेर वाट नाही, म्हणून ती झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथलं मांस थरथरतं, आवाज होतो. जीभ-ओठ तुमचे शाबूत आहेत, शब्द तेच करतील. पहिल्यांदा मी झाकते."

त्यांचा अंगठा गळ्याजवळ आला मात्र, मुकादमानं त्यांचं मनगट पकडून पिरगाळलं. खुर्ची उलथली, बाई टेबलावर आदळल्या, आरसा खाली पडून फुटला. बाहेरचा शिपाई धावत आला. मुकादम कोपऱ्यात उभा होता, दोन्ही हात गळ्यापुढे धरून, आणि भोकातून शिटीसारखा श्वास निघत होता.

बाईंनी शिपायाला हातानंच जायला सांगितलं. मनगट चोळत त्या खाली बसल्या. त्यांनी गळ्यापुढच्या त्याच्या हातांकडे बघितलं.

"कुणीतरी झाकलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याचे हात गळ्यापुढून खाली आले. 

"परत माझ्यावर हात टाकलात तर दार तिकडे आहे. ते झालं एक. आणि दुसरं, कुणी झाकलं ते मला कळायला हवं. लिहिणं तुम्हाला जमत नाही, मग एकच रस्ता राहिला. स्वतःचा अंगठा ठेवा. दाबायचा नाही, टेकवायचा."

त्यानं अंगठा टेकवला. पहिल्यांदा हवा बाजूनं निसटली. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा पोटातून वर काहीतरी सरकलं आणि फरशीवरून लाकडी पेटी ओढावी तसा आवाज त्याच्या तोंडातून बाहेर आला. तो इतका दचकला की त्यानं मागे वळून बघितलं.

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "आता सांगा. कोण?"

त्याला खूप वेळ लागला. कपाळावर घाम आला.

"जा… वई."

नव्या आवाजातला हा त्याचा पहिला शब्द. बाईंनी पोलिसांचं नाव काढलं. त्यानं मान हलवली, पुन्हा अंगठा लावला. "मी… बघतो."

"तुम्ही काय बघणार?" बाई चिडल्याच. "तुम्हाला आता बोलायला एक हात लागतो, काका. मारायला एकच उरला. आणि जोर लावायला माणूस श्वास कोंडतो, तो तुम्हाला कोंडता येत नाही. घरी जाऊन भरलेली बादली उचलून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणते."

त्यानं बादली उचलून बघितली. उचलली गेली नाही.

मग तो शिकू लागला. घरी कुणाला सांगितलं नाही. ड्रेसिंगला जातो असं मनीला वाटत होतं. झडप आतल्या बाजूला, नळीच्या मागे. तिला ती दिसे, पण ती गिळायला सोपं जावं म्हणून बसवलीय असं त्यानं खुणेनं पटवलं होतं. सराव तो यार्डात करे. काम सुटलं होतं, पण त्याला फाटकात कोण अडवणार? प्रेस चालू असताना तो तिच्या मागे, क्रेनवरून दिसणार नाही असा उभा राही आणि पत्र्याच्या किंचाळण्यात एकेक शब्द घासून काढे. बाईंनी विचारलं होतं, कोणता शब्द आधी पक्का करायचा? तो म्हणाला होता, "सोड." काही दिवसांनी 'सोड' नीट निघू लागला. मग 'सोड तिला'. यार्डातलं कुत्रं सुरुवातीला त्याच्यावर भुंकायचं, नंतर तेही ऐकून कंटाळलं.

घरात मार वाढतच होता. मनीच्या खांद्यावर, पाठीवर, कपड्याखाली झाकेल तिथे. चुंबक आता हिशेबानं मारत असे. एकदा तिनं उलट कढई उगारली, तर त्यानं ती हिसकावून तिच्याच बरगड्यांवर उतरवली. त्या वेळी मुकादम बाहेर होता. परत आला तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती आणि तरीही म्हणाली, "बसा, नळी साफ करायची राहिलीय."

दुसऱ्या दिवशी तो खालच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याचं दुकान त्यांच्या खोलीच्या बरोब्बर खाली, कित्येक वर्षांचा शेजार. मुकादमानं अंगठा लावून "ऐक" म्हटलं तेव्हा शिंप्याच्या हातातून कात्री सुटली.

"बोलता येतं तुम्हाला?"

"थोडं. वर… भांडण झालं… ऐकू आलं… तर पोलीस बोलव. वर ये. माणसं घेऊन."

शिंप्यानं कात्री उचलली, कापडावर ठेवली. त्याच्याकडे न बघता तो म्हणाला, "मुकादम, रागावू नका. तुमच्या खोलीतून आवाज येणं आम्हाला नवीन नाही. वहिनी होत्या तेव्हाही यायचे. तेव्हा माझी बायको म्हणायची, जा ना वर. मी म्हणायचो, त्यांचं घरचं आहे. तशीच सवय पडली."

मुकादमाचा अंगठा गळ्यावर होता. श्वास भरलेला होता.  त्यानं अंगठा काढला, हवा तशीच सोडून दिली आणि उभा राहिला.

"येईन मी," शिंपी मागून म्हणाला. "या वेळी येईन."

त्यानंतर चुंबकाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ते घडलं. मुकादम यार्डातून परतत होता. मनी घरात होती आणि तिनं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याचे कपडे पिशवीत भरून तिनं दाराशी ठेवले आणि म्हणाली, "हे घर बाबांचं आहे. तू जा. आत्ता."

चुंबकानं पिशवीकडे पाहिलं. दाराला आतून कडी घातली. मग तिचा उजवा हात धरून कपाटाच्या फटीत घातला आणि दार ढकललं.

ती किंकाळी मुकादमाला जिन्यात ऐकू आली. हा आवाज कोणता, पळायचा की लपायचा, हे ओळखायची पाळी आता त्याची होती. कडी जुनी होती, दोन धक्क्यांत निखळली. आत मनी कपाटाला लोंबकळल्यासारखी गुडघ्यांवर होती आणि चुंबक कपाटाच्या दाराला पाठ लावून आरामात रेलला होता. हातात यार्डातला लोखंडी पाना.

मुकादमानं अंगठा लावला.

"सोड तिला."

चुंबक क्षणभर गडबडला. मनीचं रडणं थांबलं. मग चुंबक हसायलाच लागला. "अरे वा! भोंगा दुरुस्त झाला!" हसत हसतच तो पुढे झाला आणि त्यानं पाना फिरवला, डोक्यावर नाही, गळ्यावर धरलेल्या त्या हातावर. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. "आता बोल. बोल आता!"

बाई म्हणाल्या होत्या तेच खरं होतं. जोर लागत नव्हता. मुकादमानं ठोसा मारला तो पोकळ गेला. पाना त्याच्या खांद्यावर बसला, कानावर बसला. कान फाटून रक्त मानेवर आलं, आणि ते त्या भोकात उतरू नये म्हणून त्यानं हनुवटी खाली दाबली. मग त्यानं एकच गोष्ट केली, जी करायला श्वास लागत नाही. तो अख्खाच्या अख्खा चुंबकाच्या अंगावर पडला. टेबल मोडलं, चुंबकाचं डोकं ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं आणि पाना घरंगळत पलंगाखाली गेला. मुकादमानं त्याच्या दंडांवर गुडघे रोवले, चांगला हात त्याच्या गळ्यावर ठेवला, मोडलेला हात त्यावर ठेवला आणि सगळं वजन खाली सोडलं.

भोकातून रक्तमिश्रित फेस उडत होता, चुंबकाच्या तोंडावर पडत होता. चुंबकाच्या टाचा फरशीवर वाजल्या. चेहरा तांबडा झाला, मग जांभळा. जीभ दिसू लागली.

मनीनं बोटं ओढून काढली होती. दोन बोटं वेड्यावाकड्या दिशांना गेली होती.

"बाबा, सोडा. बाबा, मरतोय तो."

मुकादमाला ते माहीत होतं. तिनं त्याचे केस ओढले, खांद्यावर बुक्क्या मारल्या. तो हलला नाही. मग ती त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, डावा हात पुढे केला आणि न बघता, रोजच्या सवयीनं नेमक्या जागी, अंगठा ठेवून दाबला.

त्याची छाती नुकतीच भरली होती. आतली हवा अडली, वळली, झडपेतून वर आली आणि त्याच्या तोंडातून, तिच्या कानापाशी, जाड आणि चिरफाळलेला आवाज आला.

"मरू दे."

 मघाशी दारातून आलेले दोन शब्द तिनं वेदनेच्या भरात ऐकले होते. हे तिनं बोटाखाली ऐकलं. तो आवाज तिच्या हाडातून वर गेला. बाबांचाच होता, लहानपणी जिन्यातून यायचा तो.

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला एकेरी हाक मारली. "सोड. आईलाही तू असाच धरायचास. मी पलंगाखालून बघत होते."

"मने…" एवढ्यात हवा संपली.

आता दोघा पुरुषांचे श्वास बंद होते. एकाचा त्याच्या हातांनी, दुसऱ्याचा तिच्या अंगठ्यानं. मुकादमानं तिच्याकडे बघितलं. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले. त्यानं एक झटका दिला असता तर ती दूर फेकली गेली असती. त्यानं दिला नाही. त्याची बोटं एकेक करून ढिली झाली आणि तो कुशीवर कलंडला. तिनं लगेच अंगठा काढला नाही. आणखी एक क्षण तो तिथेच होता. मग काढला.

शिंपी आला होता. हातात इस्त्री, मागे चार-पाच माणसं. चुंबक ओकत, घरघरत फरशीवर सरपटत होता. शिंप्यानं त्याच्या पाठीवर पाय दिला आणि पोलीस येईपर्यंत काढला नाही.

चुंबक वाचला. त्याचा आवाजही काही दिवस बसला होता, यावर यार्डात बरेच विनोद झाले. खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलानं सगळा भर म्हाताऱ्यावर टाकला. साक्षीच्या पिंजऱ्यात मुकादम उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन डाव्या अंगठ्यानं बोलत होता. न्यायाधीशांना दोनदा सांगावं लागलं की सावकाश घ्या, आम्हाला घाई नाही.

"तुम्ही आरोपीचा गळा दाबला?" वकिलानं विचारलं.

"हो."

"जीव घ्यायच्या इराद्यानं?"

"हो."

सरकारी वकिलानं डोक्याला हात लावला. कोर्टात कुजबूज झाली.

"मग थांबलात का?"

मुकादमानं श्वास घेतला. "मुलीनं थांबवलं. तिच्या आईला… सोडवायला… कुणी नव्हतं."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न घ्यायला सांगितलं. चुंबकाला तुरुंग झाला. मुलीचा जीव वाचवताना घडलं म्हणून मुकादम आरोपातून सुटला, पण न्यायाधीशांनी निकालात त्याला चार शब्द सुनावले आणि ते त्यानं उभं राहून ऐकले.

मनी बापाजवळ राहिली नाही. बेकरीच्या मागच्या गल्लीत तिनं एक खोली घेतली. तिची दोन बोटं आता पूर्ण वळत नाहीत, पावाच्या लाद्या ती डाव्या हातानं ओढते. नळी धुवायला मुकादम स्वतः शिकला, आरशात बघून. सुरुवातीला ब्रश चुकून झडपेला लागे आणि तो मोरीत वाकून खोकत राही.

एक दिवस ती आली. चहा केला, त्याच्यापुढे ठेवला, समोर बसली.

"त्या दिवशी मी अंगठा लगेच काढला नाही," ती म्हणाली. "कळलं होतं का तुम्हाला?"

त्यानं मान हलवली. हो.

"तेव्हा मला तुम्हाला वाचवायचं होतं की मारायचं होतं, ते मला अजून कळत नाही. रोज विचार करते."

त्यानं अंगठा उचलला. तिनं हात पुढे केला. थांबा. मग ती बोलत राहिली. आईच्या तुटलेल्या बांगड्यांबद्दल. आई आजारी पडली तेव्हा पोट दुखतं म्हणायचीही तिला चोरी होती, त्याबद्दल. यार्डात त्यानं चुंबकाला मारलं त्या दिवशी सगळे तिला नशीबवान म्हणाले, आणि घरी जाऊन तिला उलटी झाली, त्याबद्दल. तिचा आवाज चढला, जिन्यात गेला असेल, खाली शिंप्याकडे गेला असेल. पूर्वी त्यानं एका गर्जनेत हे सगळं मिटवलं असतं. आता त्याचा सगळ्यात मोठा आवाजही तिच्या साध्या बोलण्याखाली राहत होता, आणि एका श्वासात फार तर एक वाक्य बसत होतं. अंगठा दोन-तीनदा गळ्यापर्यंत गेला, परत मांडीवर आला. चहावर साय धरली.

ती थांबली तेव्हा दम लागला होता तिला.

"बोला आता," ती म्हणाली.

"सगळं… खरं आहे," तो म्हणाला. मग पुन्हा श्वास घेतला. "अजून असेल… तर सांग."

"आहे," ती म्हणाली. "पण आज नाही."

ती आता महिन्यातून एक-दोनदा येते. बसते, कधी भांडते, कधी नुसताच पाव ठेवून जाते. आल्यावर दार सताड उघडं ठेवते आणि आपली खुर्ची दारातच ओढून घेते. जिन्यातला वारा आत येतो, धूळ येते, त्याला खोकल्याची उबळ येते. दार लाव, असं तो म्हणत नाही.